वारसा आणि कर्तृत्व

हर्णे बंदरावरील लिलावात मासळीचा भाव ठरतो तो तिच्या ताजेपणावरून. होडी कोणाची, यास तेथे महत्त्व नसते. कलेच्या क्षेत्रातही अखेर हाच नियम लागू पडतो. दिग्दर्शक कुमारसेन आणि ‘रामराज्य’मधील सीता शोभना समर्थ यांच्या कन्या नूतन यांना १९५० मध्ये ‘हमारी बेटी’तून नायिका म्हणून पुढे आणले ते आईनेच. परंतु ‘सीमा’, ‘सुजाता’, ‘बंदिनी’, ‘मिलन’ आणि ‘मैं तुलसी तेरे आँगन की’ यांसाठी लाभलेली पाच फिल्मफेअर पारितोषिके ही वडिलोपार्जित इस्टेट नव्हे, स्वकष्टार्जित मिळकत होय. वारसा हे केवळ आरंभीचे भांडवल. मात्र ज्या गुणी कोळीकन्येपाशी ते नाही, तिला पहिली संधी कोण देणार? समाजाने विचार करावयाचा तो या प्रश्नाचा.