मुक्या सोबत्यांचे बोलपट

प्राण्यांचा चित्रपट पाहायला बसताना मी रुमाल आधीच हाताशी ठेवते. ऐन वेळी शोधाशोध नको. ‘हाथी मेरे साथी’ 1971 साली आला तेव्हा आमचा जन्मही झाला नव्हता. पण पुढे दूरदर्शनवर तो लागला, की रामू हत्ती गोळी अंगावर घेतो त्या सुमारास घरातली थोरली मंडळी एकेक करून पाणी प्यायला उठत. इतकी तहान एकाच वेळी सगळ्यांना कशी लागते, हे तेव्हा कळत नसे. 1985 चा ‘तेरी मेहरबानियाँ’ तर त्याहून पुढचा. त्यात पोलीस-कचेरीचे सगळे काम एक कुत्राच उरकतो आणि धन्याच्या खुनाचा सूड घेतो. हसू येते, पण हसता हसता डोळे पुसावे लागतात ते लागतातच.

यंदाच्या मे महिन्यात चार दिवस आरे-वारेला राहण्याचा योग आला. रत्नागिरीहून गणपतिपुळ्याला जाणारा समुद्राकाठचा रस्ता तिथे डोंगराच्या नाकावर चढतो आणि वरच्या वळणावरून दोन्ही गावांच्या पुळणी एकदम दिसतात. देखणा खरा, पण हा समुद्र पोहणाऱ्यांचा लाड करणारा नव्हे. तेव्हा उन्हाच्या वेळी भाचरांना पडवीत डांबून ठेवणे भाग होते. त्यांनी टॅबलेटवर हाचिकोचा चित्रपट लावला, 2009 सालचा, हॉलिवुडचा. त्याआधी 1987 मध्ये जपान्यांनी तो आपल्या भाषेत केला होताच.

गोष्ट खरी घडलेली. टोकियोचे प्राध्यापक उएनो रोज आगगाडीने कामावरून परतत आणि हाचि त्यांना शिबुया स्थानकावर घ्यायला येई. 1925 च्या मे महिन्यात प्राध्यापक कामावरच वारले. हाचि मात्र 1935 च्या मार्चमध्ये मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा वर्षे, त्या स्थानकावर येत राहिला. 1934 साली तिथे त्याचा पुतळा उभारला, त्या समारंभाला स्वतः हाचि हजर होता! महायुद्धात धातूसाठी तो पुतळा वितळवला गेला आणि 1948 मध्ये नवा बसवला. माणसांचे हे असे असते.

ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकू शेजारी बसून रातांबे फोडीत होत्या. चित्रपट संपला, भाचरे नाके ओढू लागली, तशा काकू म्हणाल्या, “कुत्र्यानं दहा वर्षं वाट बघितली, ते बरोबर. पण बाई, कुत्रा आधी गेला असता, तर त्या मास्तरांनी किती दिवस बघितली असती?”

बोलपटांवर मी आजवर ऐकलेल्या व्याख्यानांपैकी एकातही हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. या चित्रपटांत जनावर माणसासाठी झुरते, लढते, मरते, आणि आपण तिकीट काढून रडतो. एकाकी माणसाला आयुष्याची दुसरी संधी मिळते ती जनावराच्या जिवावर. जनावर निरुपयोगी झाले की त्याला दुसरी संधी कोण देतो? आपल्या जुन्या गोष्टींना ही बाजू ठाऊक होती. धर्मराजाने बरोबरच्या कुत्र्यावाचून स्वर्गात पाऊल टाकायचे नाकारले. नाथांनी काशीची कावड रामेश्वराला न नेता तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली. त्या गाढवाने पुढे नाथांची ओझी वाहिली, असे कुणी सांगत नाही.

पडद्यावर हा प्रश्न धीटपणे विचारला तो मराठीनेच. मंगेश हाडवळे यांचा ‘टिंग्या’ 2008 चा. शेतकऱ्याचा बैल चितंग्या बिबट्यासाठी केलेल्या सापळ्यात पडून जायबंदी होतो. पेरणी तोंडावर, घरात पैसा नाही, आणि उभा न राहणारा बैल खाटकाखेरीज कोण घेणार? बाप दुष्ट नाही, ही या चित्रपटाची खरी ताकद. दुष्ट असता तर त्याला शिव्या देऊन आपण मोकळे झालो असतो. शेजारच्या रशिदाची नानी आजारी आहे, तिच्यावर उपचार चालले आहेत. टिंग्याचा सवाल एवढाच, की नानीही म्हातारी, नि तिला औषधपाणी. मग माझ्या चितंग्याला खाटकाकडे का? घरातल्या कुणापाशीही त्याचे उत्तर नाही. शरद गोयेकर या मुलाने ते काम असे केले, की त्याला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. मला विचाराल तर रडवणाऱ्या दहा हत्ती-कुत्र्यांवरून तो एक बैल ओवाळून टाकणार नाही.

त्याच तोडीचे, पण प्रत्यक्षातले, हेमलकशाला आहे. मेलेल्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिल्लू डॉ. प्रकाश आमट्यांनी शिकाऱ्यांकडून मागून घेतले आणि तिथून त्यांच्या प्राण्यांच्या अनाथालयाची सुरुवात झाली. 2014 साली नाना पाटेकरांनी डॉक्टरांची भूमिका केली. आणि 2023 चे ऑस्कर मिळालेल्या ‘द एलिफंट व्हिस्परर्स’मध्ये मुदुमलईचे बोम्मन आणि बेळ्ळी हत्तीचे पोरके पिल्लू वाढवता वाढवता एकमेकांचे होतात. तिथे संधी दोघांना मिळते, माणसांनाही नि हत्तीलाही. पण रघू मोठा झाल्यावर तो त्यांच्याकडून काढून दुसऱ्या माहुतांकडे दिला जातो. बेळ्ळीच्या डोळ्यांतले पाणी पाहताना मला काकूंचा प्रश्न आठवला. मास्तरही वाट बघतो, काकू.

हे सगळे मी त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितले. काकूंनी ऐकून घेतले आणि गणपतिपुळ्याचे सांगितले. 2023 ची दिवाळी, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. देवमाशाचे एक पिल्लू पुळणीवर येऊन रुतले. पिल्लू म्हणायचे, पण वजन टनांत. वनखात्याची माणसे, गावकरी, सहलीला आलेले लोक त्याच्या अंगावर पाणी ओतत राहिले. दोर बांधून त्याला समुद्रात न्यायची खटपट दोन दिवस चालली. अखेर ते पाण्यात गेले, आणि पुढे मेलेलेच किनाऱ्याला परत आले.

काकूंचे यजमान त्या दिवशी फराळाचे ताट तसेच ठेवून, घरची बादली घेऊन तिकडे गेले होते.

“मासा केवढा नि यांची बादली केवढी!” काकू म्हणाल्या. “रात्री आले ते पाठ धरून. दुसऱ्या दिवशी सकाळी परत बादली शोधायला लागले.”

“मग तुम्ही काय केलंत?” धाकट्या भाच्याने विचारले.

“काय करणार? माळ्यावरची मोठी काढून दिली.”