ग्लॅडिओलसचे दांडे आणि आपलें नुकसान

ग्लॅडिओलसच्या फुलांस भाव मिळत नाहीं, अशी तक्रार अलीकडे आमच्या कानांवर वारंवार येते. अडत्या लबाड, बाजार पडलेला, अशीं कारणें सांगण्यांत येतात. अडत्यांची वकिली करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु शेतांत सरळ असलेला दांडा बाजारांत वांकडा होऊन पोंचला, तर भाव कापण्यास आपणच निमित्त देतों, हें स्पष्ट सांगणें प्राप्त आहे.

या फुलाचें नांव लॅटिन भाषेंतील तरवारवाचक शब्दावरून आलें आहे. पानें पाहिलीं म्हणजे तें सार्थ वाटतें. त्याचा दांडा तोडल्यावरही वाढत असतो. तो आडवा ठेविला कीं कांहीं तासांतच शेंडा वर वळूं लागतो, आणि वळलेला शेंडा पुन्हां नीट सरळ होत नाहीं. आडव्या जुड्या रचून रात्रभर टेंपोंत पाठविल्यावर दुसरें काय व्हावयाचें? दांडे बादलींत उभे ठेवावे व उभेच पाठवावे.

दुसरा दोष उशिराच्या तोडणीचा. उमललेल्या फुलांवांचून माल शोभत नाहीं, अशी पुष्कळांची समजूत आहे. कळ्या खालून वर क्रमानें उमलतात. दूरच्या बाजारासाठीं खालच्या एक-दोन कळ्यांनीं रंग दाखवितांच दांडा तोडावा. तोडणी सकाळीं लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावी व दांडे लगेच पाण्यांत ठेवावे. थंड कोठी मिळाल्यास 2 ते 5 अंश सेल्सिअस तपमान मानवतें. पाण्यांत फ्लोराइड अधिक असल्यास पाकळ्यांच्या कडा करपतात. तेव्हां कूपनलिकेचें पाणी तपासून घेणें बरें.

सर्वांत मोठें नुकसान मात्र बाजारांत दिसत नाहीं; तें जमिनींत होतें. दांडा लांब भरावा म्हणून कित्येक जण तो बुडापासून पानांसह कापतात. लावलेला कंद हंगामांत आटून जातो व त्याच्या डोक्यावर नवा कंद धरतो. त्याचें पोषण या पानांवरच अवलंबून असतें. निदान 4 पानें झाडावर राखलींच पाहिजेत. पुढें 6 ते 8 आठवड्यांनीं पानें पिवळीं पडूं लागलीं कीं कंद काढून सावलींत सुकवावे, आणि सुमारें 3 महिने थंड कोठींत विसावूं द्यावे. पानें गमावणारास दरसाल नवे कंद विकत घ्यावे लागतात, आणि या पिकांत कंदांचा खर्चच भारी. महसुलाच्या दप्तरांत आयुष्य घालविलेल्या आम्हांस शेतीचीं गुह्यें ठाऊक नसतील, पण हा जमाखर्च कळण्यास कारकुनी पुरेशी आहे.

आमची सूचना अशी कीं, संघानें उभे खोके व बादल्या सामाईक विकत घ्याव्या आणि पांच-दहा सभासदांचा माल एकाच टेंपोनें पुण्यास किंवा दादरला पाठवावा. उभ्या मालास जागा अधिक लागून भाडें वाढेल, हा आक्षेप खरा आहे. परंतु अर्धवट भरलेलीं वाहनें हल्लीं निरनिराळीं जातातच, त्यांचें भाडें कोण भरतो? थंडीच्या लागवडीपूर्वीं हा विषय कार्यकारी मंडळापुढें यावा.