सही कोणाची, जोखीम कोणाची?



अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवर लिहितोय म्हटल्यावर एका तरुण कार्यकर्त्याने विचारलं, "आपल्या पोरांना वसतिगृहात जागा मिळत नाही, आणि तुम्ही हे काय काढलंत?" प्रश्न रास्त आहे. पण शोषण कागदावर कसं लिहिलं जातं, हे शिकायचं असेल तर २०२० सालचं कॉलेज फुटबॉल बघाच.

आधी थोडी ओळख. हा आपला फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून एकमेकांवर आदळण्याचा हा खेळ आहे. तिथली विद्यापीठं गट करून खेळतात, त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. टीव्ही वाहिन्यांशी करार कॉन्फरन्स करते, वेळापत्रक कॉन्फरन्स ठरवते. बिग टेन या कॉन्फरन्सने २०१७ पासूनच्या सहा वर्षांसाठी केलेले टीव्ही करार सुमारे २६४ कोटी डॉलरचे होते. अलाबामाच्या प्रशिक्षकाचा वर्षाचा पगार ९० लाख डॉलरच्या वर होता. आणि मैदानावर हाडं मोडून घेणाऱ्या पोराला? शिष्यवृत्ती, जेवण, राहणं. पगार नाही, कारण तो 'विद्यार्थी-खेळाडू'!

हा शब्द कुठून आला ते बघा. १९५५ साली कोलोरॅडोतल्या एका कॉलेजचा खेळाडू रे डेनिसन डोक्याला मार लागून मेला. त्याच्या विधवेने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. १९५७ साली कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. कॉलेज खेळांची देशव्यापी संस्था एनसीएए हिने 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द त्याच काळात, असे दावे अडवण्यासाठीच रुजवला. कामगार म्हटलं की हक्क येतात. म्हणून नावच बदलायचं.

आता २०२० कडे या. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते आयव्ही लीग या कॉन्फरन्समध्ये आहे. ८ जुलैला आयव्ही लीगने वर्षअखेरपर्यंतच्या सगळ्या स्पर्धा थांबवल्या. त्यांना ते परवडलं, कारण त्यांचा संसार फुटबॉलच्या टीव्ही करारावर चालत नाही. दुसऱ्याच दिवशी बिग टेनने जाहीर केलं की खेळायचं, पण फक्त आपसात. बाहेरच्यांशी ठरलेले सामने रद्द.

हे बाहेरचे कोण? मोठी विद्यापीठं लहान विद्यापीठांना पैसे देऊन आपल्या मैदानावर बोलावतात. लहानांनी यायचं, बहुतेक वेळा हरायचं आणि चेक घेऊन परत जायचं. एकेका सामन्याचे दहा लाख डॉलरहून अधिक मिळतात. ओहायोमधल्या केंट स्टेटचे त्या वर्षी पेन स्टेट, केंटकी आणि अलाबामाशी असे सामने ठरले होते. या रकमेवर लहान विद्यापीठांचे बाकीचे खेळही चालतात. अशा करारांत 'फोर्स मॅज्यूर'चं कलम असतं: आपत्तीमुळे सामना अशक्य झाला तर कोणी कोणाचं देणं लागत नाही. पण इथे सामना अशक्य झाला होता, की मोठ्यांना तो नकोसा झाला होता? सगळ्यांची चाचणी एकसारखी व्हावी, तारखा हलवता याव्यात, हे बिग टेनचं कारण अगदीच खोटं नव्हतं. तरी निर्णय एका बाजूने घ्यायचा आणि खड्डा दुसऱ्याच्या अंगणात, याला समानांचा करार म्हणत नाहीत.

या उतरंडीच्या खालच्या पायरीवर ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठं आहेत. गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारं बंद होती म्हणून ती वाढली. दक्षिणेतल्या एसईसी या बलाढ्य कॉन्फरन्समध्ये पहिला कृष्णवर्णीय फुटबॉल खेळाडू मैदानात उतरायला १९६७ साल उजाडलं. दार उघडलं तेव्हा उत्तम खेळाडू वर गेले, त्यांच्यामागे पैसाही गेला. या जुन्या विद्यापीठांना पैशाच्या सामन्यांची गरज उरली. जुलै २०२० मध्ये त्यांच्या एमईएसी आणि एसडब्ल्यूएसी या दोन्ही कॉन्फरन्सनी हंगाम थांबवला. श्रेणीबद्ध विषमता आपण जातीत ओळखतो. वंश आणि जात एक नाहीत, पण पायऱ्यांची रचना ओळखीची आहे.

मग ११ ऑगस्टला बिग टेनने हंगाम पुढे ढकलला. विद्यापीठप्रमुखांचं मत ११ विरुद्ध ३. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या पॅक-१२ नेही तेच केलं. पण एसईसी, एसीसी आणि बिग १२ खेळत राहिले. प्रशिक्षक चिडले, पालक रस्त्यावर आले, नेब्रास्काच्या आठ खेळाडूंनी कोर्ट गाठलं, खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी बिग टेनच्या आयुक्तांना फोन केला. १६ सप्टेंबरला बिग टेन फिरली: खेळायचं! रोज चाचणी होणार होती, हे खरं. पण ज्या महामारीत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने पदवीचे वर्ग आठवडाभरात ऑनलाइन नेले आणि फुटबॉल मात्र चालू ठेवला, तिथे 'विद्यार्थी' या शब्दाचा अर्थ काय उरतो?

नियमाचीही गंमत बघा. बिग टेनने ठरवलं होतं, अंतिम सामन्यासाठी किमान सहा सामने खेळलेले हवेत. ओहायो स्टेटचे पाचच झाले. ९ डिसेंबरला नियमच काढून टाकला! लहान विद्यापीठाचा करार वाकला नाही, मोडला. मोठ्यासाठी मात्र नियम वाकला.

काही जण म्हणतील, खेळाडूंनाच खेळायचं होतं. होय, होतं. १० ऑगस्टला 'आम्हाला खेळायचंय' असं त्यांनी जाहीर केलं. पण ते निवेदन पूर्ण वाचा. त्यात सर्वांसाठी समान आरोग्य नियम, न खेळण्याची मुभा आणि शेवटी खेळाडूंची स्वतःची संघटना, या मागण्या होत्या. आठवडाभर आधी पॅक-१२ च्या खेळाडूंनी आरोग्य सुरक्षा, वांशिक न्याय आणि उत्पन्नात निम्मा वाटा मागितला होता. व्यवस्थेने 'खेळायचंय' एवढंच ऐकलं, 'संघटना' ऐकली नाही. उलट काही विद्यापीठांनी आधीच जोखीम मान्य असल्याच्या कागदावर खेळाडूंच्या सह्या घेतल्या होत्या. ५ ऑगस्टला एनसीएएला अशा हक्क सोडण्याच्या सक्तीवर बंदी घालावी लागली. वेळापत्रकावर सही नाही, टीव्ही करारावर सही नाही. सही मागितली ती फक्त मरणाच्या जोखमीवर!

इथे आपल्यासाठी एक कडू धडा आहे. बिग टेनचे आयुक्त केव्हिन वॉरन हे त्या पाच बड्या कॉन्फरन्सपैकी एकीचे पहिले कृष्णवर्णीय आयुक्त होते. खुर्चीवर आपला माणूस बसला, तरी खाली संघटना नसेल तर खुर्ची पैशाच्या बाजूने फिरते. प्रतिनिधित्व हवंच. पण संघटनेविना ते एकटं पडतं.

आणि आता आपल्याकडे वळा. बिग टेन फिरली त्याच्या आदल्या दिवशी, १५ सप्टेंबर २०२० ला, महाराष्ट्रात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली. घरोघर कोण फिरलं? आशा ताई. त्यांना काय म्हणतात? 'स्वयंसेविका'. त्यांना काय मिळतं? वेतन नाही, 'मानधन'. जून २०२१ मध्ये त्यांना संपावर जावं लागलं. तिकडे 'विद्यार्थी', इकडे 'स्वयंसेविका'. कामगार हा शब्द टाळण्याची युक्ती एकच.

तिकडे पुढे काय झालं? जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंच्या शैक्षणिक लाभांवरची एनसीएएची मर्यादा ९-० ने बेकायदा ठरवली. २०२५ च्या समझोत्याने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची वाट मोकळी झाली. हे आपोआप झालं नाही, लढून झालं. तरी 'कामगार' हा दर्जा अजून दूरच आहे.

बाबासाहेबांनी ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कामगारांचा संप उभा केला, तो नुसत्या मजुरीसाठी नव्हता. काम नाकारण्याचा हक्क गेला की माणूस गुलाम होतो, हे त्यांना दिसत होतं. म्हणून पुढच्या वेळी तुमच्यासमोर कंत्राट, मानधन, इंटर्नशिप असा कागद आला की दोन प्रश्न विचारा. यात जोखीम कोणाची? आणि अटी ठरवताना सही कोणाची? उत्तरं वेगवेगळी आली, तर एकट्याने सही करू नका. आधी संघटित व्हा.

जय भीम!