घरच्या वाट्याचे शेंगदाणे

भुईमुगाच्या शेंगा वाळून खळ्यावर आल्या की शेतकऱ्याच्या घरी एक निवड होते. भरदार, एकसारख्या शेंगा पोत्यांत भरून बाजाराची वाट धरतात. खुरप्याने चिरलेल्या, किडक्या, अर्धवट भरलेल्या किंवा मातीत राहून काळ्या पडलेल्या शेंगा मागे उरतात. त्या फोडून निघालेले दाणे वर्षभराच्या कुटासाठी डब्यात जातात. कुटात काय दिसते, असे म्हणून सुरकुतलेला आणि डागी दाणाही चालवून घेतला जातो. वरवर पाहता ही काटकसर वाटते. परंतु ज्या मालाला व्यापारी हात लावीत नाही, तो लेकरांच्या ताटात यावा हा व्यवहार उफराटाच म्हटला पाहिजे. अलीकडे घरोघर शेंगदाण्याच्या लोण्याची, म्हणजे पीनट बटरची, चर्चा होऊ लागली आहे. त्या निमित्ताने ह्या जुन्या रीतीचा फेरविचार होणे अगत्याचे आहे.

पीनट बटर हे नाव परके असले तरी पदार्थ फारसा परका नाही. भाजलेल्या शेंगदाण्यांच्या लगद्याचे अमेरिकन पेटंट माँट्रियलच्या मार्सेलस एडसन ह्यांनी १८८४ साली मिळविले. पुढे डॉ. जॉन हार्वे केलॉग ह्यांनी तो प्रकार आपल्या आरोग्यधामातील रुग्णांच्या आहारात आणला. महाराष्ट्रातील गृहिणीला मात्र हे लोणी पाहून नवल वाटण्याचे कारण नाही. सोलापूरकडील शेंगाची चटणी उखळात कुटताना तिला तेल सुटू लागते. कुटणे आणखी काही वेळ चालू ठेवले तर लोणी आणि चटणी ह्यांत तिखटमिठाचाच काय तो फरक राहील. उपवासाची दाण्याची आमटी, भरल्या वांग्यांतील सारण, दाण्याचा लाडू हे सारे एकाच कुळातील पदार्थ होत. साबुदाण्याची खिचडी एकदा कुटाशिवाय करून पाहावी, म्हणजे त्याचे घरातील स्थान ध्यानात येईल!

शेंगदाण्यात सुमारे २५ टक्के प्रथिने आणि ४० ते ५० टक्के तेल असते. दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम लोण्यातून ७ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. सकाळी घाईने शाळेस निघणाऱ्या मुलाने चहात बुडवून बिस्किटे खाण्यापेक्षा भाकरीवर किंवा पोळीवर हे लोणी लावून खाल्ले, तर दुपारपर्यंत त्याचे पोट धरेल. तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. शेंगदाण्याच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो, आणि ज्वारी, बाजरी व गहू ह्यांतही तो कमीच असतो. म्हणून लोण्यामुळे वरण, उसळ किंवा दूध ह्यांची जागा भरून निघत नाही. ती कायम ठेवूनच लोण्याला ताटात स्थान द्यावे. शिवाय तेलाचे प्रमाण मोठे असल्यामुळे बसून काम करणाऱ्या माणसाने चमच्याचा हिशेब ठेवलेला बरा.

आता मुख्य मुद्दा. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक दगावले. शोध घेता त्यांच्या खाद्यातील, ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत एका बुरशीने तयार केलेले विष सापडले. तेच अफ्लाटॉक्सिन. अॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची ही बुरशी आपल्याही मातीत आहे. पीक काढणीला येताना पावसाने ओढ दिली, शेंगेला अवजाराची जखम झाली किंवा शेंगा ओल्या असताना ढीग लागला, की ती दाण्यात शिरते. हे विष थोडे थोडे पुष्कळ दिवस पोटात गेले तर यकृताच्या कर्करोगास कारण होते. भाजल्याने ते काही अंशी कमी होते. नाहीसे होत नाही. युरोपात थेट खाण्याच्या शेंगदाण्यात ते किलोमागे ४ मायक्रोग्रॅमहून अधिक असलेले चालत नाही. म्हणजे परदेशी जाणारा दाणा इतका पारखून घेतला जातो आणि घरचा दाणा पारखलाच जात नाही!

समाधानाची गोष्ट अशी की हे विष सर्व दाण्यांत सारखे पसरलेले नसते. बहुतेक भाग मोजक्या खराब दाण्यांत, म्हणजे सुरकुतलेल्या, रंग गेलेल्या, बुरशी धरलेल्या किंवा किडक्या दाण्यांत साठलेला असतो. म्हणून सूप घेऊन दाणे निवडणे हा साधा पण मोठ्या गुणाचा उपाय आहे. लोण्यासाठी दाणे दोनदा निवडावेत: एकदा कच्चे असताना आणि दुसऱ्यांदा भाजून साल काढल्यावर, कारण सालाखाली झाकलेला काळपट डाग तेव्हाच दिसतो. चवीला कडू किंवा खवट लागलेला दाणा थुंकून टाकावा. एकदा लगदा झाला की चांगले आणि वाईट ओळखण्याची सोय राहत नाही. कुटाचेही तेच आहे.

अर्थात निवडीची सुरुवात शेतातच होते. वेल उपटल्यावर ते शेंगा वर करून वाळवावेत, ओल्या शेंगांचा ढीग लावू नये. शेंगांतील ओलावा ८ टक्क्यांवर येईपर्यंत ऊन द्यावे. शेंग कानाशी हलविली असता दाणा खुळखुळला पाहिजे. यंत्राने फोडताना दाणे फुटू नयेत म्हणून शेंगांवर पाणी शिंपडण्याची चाल काही ठिकाणी आहे. ती बुरशीला आमंत्रण देणारी आहे. घरच्या वापराच्या शेंगा शेंगांच्याच रूपात ठेवून लागतील तशा फोडाव्यात.

लोणी करण्याची रीत सोपी आहे. मंद आचेवर भाजून, साल काढून निवडलेले दाणे मिक्सरमध्ये थांबून थांबून वाटावेत. प्रथम कूट होते, मग गोळा होतो आणि शेवटी तेल सुटून लगदा सैल पडतो. पाण्याचा थेंबही घालू नये. चवीपुरते मीठ किंवा बारीक केलेला गूळ चालेल. कोरड्या बरणीत भरून पंधरा दिवसांत संपेल एवढेच करावे. वर तेल तरंगले तर ते खराब झाले असे नव्हे, चमच्याने ढवळून घ्यावे. बाजारच्या बरणीत असे तेल सुटू नये म्हणून पुष्कळदा घट्ट केलेली वनस्पती तेले घातलेली असतात, साखरही असते. अमेरिकेत पीनट बटर म्हणून विकावयाच्या मालात ९० टक्के शेंगदाणे असलेच पाहिजेत असा नियम आहे. बरणी विकत घेणाऱ्याने वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी, हे उत्तम. परंतु स्वतःच्या शेतात भुईमूग पिकविणाऱ्या कुटुंबाने भरदार शेंगा विकून त्याच पैशांतून ती बरणी आणावी, ह्यात शहाणपण दिसत नाही.

घरासाठी चांगला माल ठेवणे परवडत नाही, असा आक्षेप येईल. हिशेब पाहावा. पाच माणसांच्या घरात माणशी रोज २० ग्रॅम दाणे धरले तर वर्षाला सुमारे ३६ किलो दाणे लागतात. शेंगांत दाण्यांचा उतारा ७० टक्क्यांच्या आसपास असतो, तेव्हा अर्ध्या क्विंटलहून किंचित अधिक शेंगा पुरतात. पीक बऱ्यापैकी आलेल्या शेतकऱ्याच्या एकूण मालात हा वाटा मोठा नाही. मात्र तो पोती भरण्याआधी बाजूला निघाला पाहिजे; पोती भरल्यावर उरते ते उरलेलेच असते. निवडण्याचे काम बहुधा बायकांवर पडते, हेही खरे. संध्याकाळी गप्पा चालल्या असता पुरुषांनी सुपाला हात लावला तर काही बिघडत नाही.

लहान मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. पातळ केलेले लोणी पेजेत किंवा खिमटात कालवून देता येते. काहींना शेंगदाण्याचे वावडे असते; अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे किंवा धाप लागणे अशी लक्षणे दिसताच लोणी बंद करून डॉक्टरांकडे जावे.

राहता राहिले निवडून काढलेले डागी दाणे. ते घाण्याला देऊ नयेत, कारण विष पेंडीत राहते आणि घाण्याच्या तेलातही काही उतरते. जनावरांपुढेही टाकू नयेत. गाईने वा म्हशीने खाल्लेले हे विष रूप पालटून दुधात येते. वस्तीपासून दूर खड्डा घेऊन ते मातीखाली गाडून टाकावेत.