न्यूयॉर्कचा थोर रॅपर कोण? आणि मोजपट्टी कुणाच्या हाती?

न्यूयॉर्क शहराने नोव्हेंबर २०२५ मध्ये जोहरान ममदानी यांना महापौर म्हणून निवडून दिले. त्यांची आई मीरा नायर, त्यांचे सिनेमे, ममदानींचा धर्म, त्यांचे तरुण वय यांवर पुष्कळ लिहिले गेले. एक गोष्ट मात्र गंमत म्हणून ओळीभरात उरकली गेली. राजकारणात येण्यापूर्वी हा माणूस 'मिस्टर कार्डमम' या नावाने रॅप गात असे. कार्डमम म्हणजे वेलदोडा. हे वेलदोडेसाहेब काही थोर रॅपर नव्हते. पण त्यांनी मते मागितली ती घरभाड्याच्या प्रश्नावर, आणि ज्या शहराने जगाला रॅप दिला त्या शहरात रॅप आणि राहते घर हे दोन प्रश्न कधीच वेगळे नव्हते. हे ध्यानात न घेता जे लोक 'न्यूयॉर्कचा सर्वश्रेष्ठ रॅपर कोण' असा वाद घालतात, त्यांची मोजपट्टीच मुळात चुकलेली असते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा वाद जुनाच आहे. २०२३ साली हिपहॉपला पन्नास वर्षे झाली तेव्हा तो पुन्हा पेटला. 'बिलबोर्ड' आणि 'व्हाइब' या दोन अमेरिकन प्रकाशनांनी मिळून सर्वकाळच्या पन्नास श्रेष्ठ रॅपरांची यादी काढली. पहिल्या क्रमांकावर जे-झी, तिसऱ्यावर नाझ. दोघेही न्यूयॉर्कचे. म्हणजे शहराचा निकालही परस्पर लागला, जे-झी पहिला. वाद मात्र त्या यादीने मिटला नाही.

आमच्या वाचकांपैकी कुणी विचारील की, आम्हाला या भानगडीत पडायचे कारण काय? कारण आहे. याच न्यूयॉर्कमध्ये १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकले. विद्यापीठाला लागूनच हार्लेम ही काळ्यांची वस्ती आहे, आणि हार्लेम नदी ओलांडली की ब्राँक्स. रॅप जन्मला तो या ब्राँक्समध्ये. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले, तेही अमेरिकेतील काळे लोक संयुक्त राष्ट्रसंघाकडे काय मागत आहेत हे समजून घेण्यासाठी. काळ्यांच्या लढ्याकडे आपले लक्ष असणे ही काल-परवाची हौस नव्हे.

आता रॅप म्हणजे काय, हे शाहिरी ऐकून वाढलेल्या माणसाला फार समजावून सांगायची गरज नाही. तालावर, यमकाला यमक जोडत, गाण्यापेक्षा बोलण्याच्या अंगाने म्हटलेला शब्द. दोन रॅपर समोरासमोर उभे राहून एकमेकांवर कवने रचतात तेव्हा तो सरळसरळ कलगी-तुरा असतो. फरक एवढाच की डफाच्या जागी तबकडी आली.

ती तबकडी कुठून आली हे पाहू. रॉबर्ट मोझेस नावाच्या बड्या अधिकाऱ्याने १९४८ पासून ब्राँक्सच्या पोटातून क्रॉस ब्राँक्स एक्सप्रेसवे हा महामार्ग काढला. तो पुरा व्हायला १९७२ उजाडले. मधल्या काळात हजारो कष्टकरी कुटुंबांची घरे पाडली गेली. ज्यांच्या गाठीला पैसा होता आणि कातडी गोरी होती ते उपनगरांत निघून गेले. मागे राहिले काळे आणि प्यूर्टोरिकन. कारखाने बंद पडले, महापालिकेने अग्निशमन केंद्रे बंद केली, आणि भाड्यापेक्षा विम्याचे पैसे जास्त मिळतात हे कळल्यावर कित्येक घरमालकांनी स्वतःच्याच चाळी पेटवून दिल्या. १९७७ च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर तेथील शार्लट स्ट्रीटवर येऊन उभे राहिले तेव्हा त्यांच्याभोवती विटा-मातीच्या ढिगाऱ्यांशिवाय काही नव्हते.

या ब्राँक्समधील १५२०, सेजविक अव्हेन्यू या भाडेकरूंच्या इमारतीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेचे कपडे घेण्यापुरते पैसे जमावेत म्हणून एक नाचाची बैठक ठेवली. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. तबकड्या वाजवायला तिचा जमैकाहून आलेला भाऊ क्लाइव्ह, म्हणजे कूल हर्क. गाण्यातला नाचाचा तुकडा दोन तबकड्यांवर आलटून पालटून लांबवायचा आणि त्यावर माइकमधून बोलायचे, ही त्याची युक्ती. ज्यांच्या शाळांतून वाद्ये गेली होती त्यांनी घरातल्या तबकडीलाच वाद्य केले.

आणि मग जे आपल्याकडे होते तेच तेथे झाले. निर्मिती वस्तीची, नाव दुसऱ्याचे. १९७९ मध्ये न्यू जर्सीच्या एका कंपनीने 'रॅपर्स डिलाइट' ही तबकडी बाजारात आणली आणि ती देशभर गाजली. ती ज्यांनी म्हटली त्या शुगरहिल गँगपैकी बिग बँक हँक हा पिझ्झाच्या दुकानात काम करणारा. त्याने जी कवने म्हटली ती ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझच्या वहीतली. कॅझला ना श्रेय मिळाले, ना मोबदला. यादी करणाऱ्यांनी पहिला प्रश्न हा विचारायला हवा होता. ज्याची वहीच दुसऱ्याने वाचून दाखवली, त्याच्या तबकड्या किती खपल्या हे मोजणार कसे?

आम्हाला विचाराल तर न्यूयॉर्कचा पहिला मान आम्ही मेली मेलला देऊ. तो ब्राँक्सचाच, ग्रँडमास्टर फ्लॅश आणि फ्युरियस फाइव्ह या मंडळातला. १९८२ चे 'द मेसेज' हे गाणे त्याच्या आवाजामुळे अजरामर झाले. तोवर रॅप म्हणजे 'मी कसा भारी, माझी मैफल कशी भारी' असा मामला होता. या गाण्यात काच फुटलेला जिना, उंदीर, झुरळे, कर्जवसुलीवाले, शाळा सोडलेली पोरे आणि तुरुंगात लटकलेला तरुण आला. गाण्याचा मोठा भाग ड्यूक बूटी या संगीतकाराने लिहिला हे खरे. मंडळींना आधी ते करायचेच नव्हते, लोक नाचायला येतात, रडायला नाही, असे त्यांना वाटत होते, हेही खरे. पण शेवटचे कडवे, वस्तीत जन्मलेल्या मुलाचा पाळण्यापासून फासापर्यंतचा प्रवास सांगणारे, ते मेली मेलचे आणि १९७९ च्या एका जुन्या गाण्यात त्याने ते आधीच म्हटलेले. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराने हे लिहिले होते. पुढे क्वीन्सब्रिजने काय केले, ब्रुकलिनने काय केले, ते सारे या कडव्याच्या पायरीवर उभे आहे.

२०२३ ची यादी आली तेव्हा याच मेली मेलने एमिनेमला पाचवा क्रमांक कसा मिळाला, तो गोरा आहे म्हणूनच ना, असा रोखठोक सवाल केला. लोकांनी म्हाताऱ्याला हसून घेतले. एमिनेम कसबी आहे, याबद्दल आमचीही तक्रार नाही. परंतु सवाल कसबाचा नव्हता, तराजू कुणाच्या हातात आहे याचा होता.

दुसरा मान नाझचा. क्वीन्सब्रिज ही अमेरिकेतील सर्वात मोठी सरकारी घरांची वसाहत, तीन हजारांहून जास्त खोल्यांची. त्या वसाहतीत वाढलेल्या, आठवीनंतर शाळा सोडलेल्या नाझने वयाच्या विसाव्या वर्षी, १९९४ मध्ये 'इलमॅटिक' काढला. जेमतेम चाळीस मिनिटांची ती तबकडी म्हणजे एका वसाहतीची जनगणना आहे. कोण तुरुंगात, कोण कोपऱ्यावर उभा, कुणाची आई खिडकीतून हाक मारते. पुढे २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात त्याच्या नावाने अभ्यासवृत्ती सुरू झाली. शाळेने ज्याला सोडून दिले त्याच्या नावे विद्यापीठात अभ्यास! ग्रॅमी पुरस्कार मात्र त्याला पहिल्यांदा २०२१ मध्ये मिळाला.

नाझच्या आधी याच क्वीन्सब्रिजचे ब्राँक्सशी मोठे भांडण झाले. हिपहॉपचे मूळ गाव कोणते, यावरून. ब्राँक्सच्या बाजूने उभा राहिला केआरएस-वन, जो बेघरांच्या निवाऱ्यात राहत होता. तेथेच त्याची गाठ स्कॉट ला रॉक या समाजकार्यकर्त्याशी पडली, दोघांनी मिळून १९८७ मध्ये 'क्रिमिनल माइंडेड' काढले, आणि त्याच वर्षी भांडण सोडवायला गेलेल्या स्कॉटला गोळी लागून तो मेला. साथीदार गेल्यावर केआरएसने सूडाचे गाणे केले नाही. न्यूयॉर्कच्या रॅपरांना गोळा करून वस्तीतल्या हिंसेविरुद्ध मोहीम उभी केली आणि १९८९ मध्ये सर्वांनी मिळून गाणे काढले. त्याला लोक 'शिक्षक' म्हणतात. क्रमांक कोणताही द्या, ही पदवी यादीतून मिळत नाही.

शहराच्या हद्दीचाही घोळ आहे. रकीम, ज्याने यमक ओळीच्या शेवटून ओळीच्या पोटात आणले, तो लाँग आयलंडचा, म्हणजे हद्दीबाहेरचा. पब्लिक एनिमी हे चळवळीला सर्वात जवळचे मंडळ, तेही तिकडचेच. आणि टुपाक शकूर? कॅलिफोर्निया त्याला आपला म्हणते. पण तो जन्मला १६ जून १९७१ रोजी पूर्व हार्लेममध्ये. त्याची आई अफेनी ही न्यूयॉर्कच्या ब्लॅक पँथरची कार्यकर्ती. १९६९ मध्ये एकवीस पँथरांवर कटाचा खटला भरला गेला, त्यात ती आरोपी होती. वकील नाकारून तिने गरोदरपणी स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि मे १९७१ मध्ये सगळे निर्दोष सुटले. महिनाभराने टुपाक जन्मला. ज्या ब्लॅक पँथरवरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले, त्याच पँथरच्या पोटचा हा पोर. त्याला न्यूयॉर्कच्या यादीत घ्यायचे की नाही हा वाद आम्ही सोडून देतो. अफेनी मात्र न्यूयॉर्कचीच.

राहिले ब्रुकलिनचे दोघे. बिगी, म्हणजे क्रिस्टोफर वॉलेस, आवाजाच्या बाबतीत याच्या तोडीचा दुसरा नाही, हे आम्ही मान्य करतो. १९९४ मध्ये 'रेडी टू डाय' काढले आणि ९ मार्च १९९७ रोजी चोविसाव्या वर्षी लॉस एंजेलिसमध्ये गोळ्या लागून गेला. दोन तबकड्यांवर किती बोलणार?

जे-झीवर मात्र बोलले पाहिजे. मार्सी या सरकारी वसाहतीतला हा मुलगा. २०१९ मध्ये 'फोर्ब्स'ने त्याला हिपहॉपमधला पहिला अब्जाधीश ठरवले. आमचे तरुण मित्र म्हणतील, काळ्या माणसाने मालक होऊ नये काय? जरूर व्हावे. कॅझच्या वहीची जी लूट झाली तिला उत्तर म्हणजे आपल्या गाण्याची मालकी आपल्याकडे ठेवणे, आणि ती जे-झीने ठेवली. तुरुंग-सुधारणेच्या कामाला त्याने पैसा दिला, तोही आम्ही नाकारत नाही. पण ब्रुकलिनमध्ये रहिवाशांची घरे सक्तीने संपादित करून बार्कलेज सेंटर हे भव्य क्रीडागृह उभे राहिले, तेव्हा त्या प्रकल्पाचा चेहरा म्हणून कोणाला पुढे केले गेले? जे-झीला. बास्केटबॉल संघातला त्याचा वाटा एक टक्क्याहूनही कमी होता. म्हणजे मालकी बिल्डरची आणि चेहरा वस्तीचा. २०१२ मध्ये त्याने तेथे सलग आठ मैफली केल्या. ज्या संगीताचा जन्म पाडलेल्या घरांतून झाला, त्याच संगीताने घरे पाडणाऱ्याच्या दारावर तोरण बांधले. कसब अव्वल, पण पहिला क्रमांक आम्ही देणार नाही.

या सगळ्या वादात बायका कुठे आहेत? फंकी फोर प्लस वन या ब्राँक्सच्या मंडळात शा-रॉक ही मुलगी होती, आणि १९८१ मध्ये राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर दिसलेले ते पहिले हिपहॉप मंडळ. नावात चार पुरुष आणि 'अधिक एक', ती एक म्हणजे ही. रॉक्सान शान्टे क्वीन्सब्रिजची. १९८४ मध्ये चौदाव्या वर्षी, कपडे धुवायला निघालेली असताना शेजारच्या खोलीत थांबून एका दमात तिने पुरुषांना उत्तर देणारे गाणे ध्वनिमुद्रित केले, असे ती सांगते. ब्रुकलिनच्या एमसी लाइटने १९८८ मध्ये स्वतंत्र तबकडी काढली. ब्राँक्सच्या कार्डी बीला २०१९ मध्ये रॅप अल्बमचे ग्रॅमी मिळाले, एकल स्त्रीला ते प्रथमच. तरीही कोपऱ्यावरच्या वादात पहिली पाच नावे मोजली की पाचही पुरुष. २००१ च्या जे-झी आणि नाझच्या जुगलबंदीत जे-झीने नाझच्या मुलीच्या आईबद्दल इतके हीन शब्द वापरले की त्याच्या स्वतःच्या आईने त्याला जाहीर माफी मागायला लावली. त्या माउलीने जे केले ते यादी करणाऱ्या संपादकांना कधी सुचले नाही.

आणि ज्याच्यापासून हे सुरू झाले त्या कूल हर्कचे काय? २०११ मध्ये तो आजारी पडला तेव्हा त्याच्याकडे आरोग्यविमा नव्हता, उपचारासाठी लोकांकडे मदत मागावी लागली. त्याच्या संगीतावर अब्जावधींचा धंदा उभा होता. त्याआधी २००८ मध्ये १५२०, सेजविक अव्हेन्यू ही इमारतच गुंतवणूकदारांनी विकत घेतली. स्वस्त भाड्याची योजना संपवून तेथून जास्त पैसा काढायचा, असा भाडेकरूंना रास्त संशय. भाडेकरू संघटित झाले. हर्क त्यांच्या सभांना गेला, हिपहॉपचे जन्मस्थान म्हणून इमारतीचे नाव पुढे केले, आणि अखेर महापालिकेच्या कर्जसाहाय्याने ती परवडणाऱ्या घरांसाठी काम करणाऱ्यांच्या हाती आली. त्या भाडेकरूंत कुणी थोर रॅपर नव्हता. ते आपापल्या खोल्यांत राहिले.