बिल्ला खरा की खोटा?

टपालाची तिकिटे, जुनी नाणी, काड्यापेट्यांवरची चित्रे यांपैकी काहीतरी तुम्ही कधी ना कधी जमविले असेलच. युरोप-अमेरिकेत जुन्या राजकीय बिल्ल्यांचा संग्रह करणारेही पुष्कळ आहेत, आणि १९४५ पूर्वीच्या जर्मन बिल्ल्यांना तेथे विशेष मागणी असते. मागणी आली की किंमत येते आणि किंमत आली की नकलाही येतात.

हिटलरच्या नाझी पक्षाचा साधा बिल्ला मुळीच दुर्मिळ नाही. १९४५ पर्यंत पक्षाचे सभासद ८० लाखांच्या वर गेले होते. लाल-पांढऱ्या मिनाकामाची ही लहानशी चकती. मधोमध काळे चिन्ह. (आपल्या उंबरठ्यावरचे स्वस्तिक निराळे. जर्मन लोक या चिन्हाला ‘हाकेनक्रॉइट्स’, म्हणजे आकड्यांचा क्रूस म्हणतात.) दुर्मिळ आहे तो १९३३ मध्ये सुरू झालेला सोनेरी पानांच्या कडेचा बिल्ला. तो मुख्यतः पक्षाच्या पहिल्या एक लाख क्रमांकांतील सभासदांना मिळाला, आणि त्याच्या पाठीवर त्या सभासदाचा क्रमांक कोरलेला असतो. नकला करणाऱ्यांचे लक्ष अर्थातच याच्यावर!

आता असा बिल्ला तपासायचा कसा? प्रथम भिंग घ्या. खरा मिना म्हणजे भट्टीत वितळवून धातूवर बसविलेली काच. तिचा टवका उडाला तर कडा काचेसारखी धारदार दिसते. नकलेत पुष्कळदा रंगीत राळ भरलेली असते. ती मऊ असते व तिच्यावर बारीक चरे पडतात. मग पाठ पाहा. १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून उत्पादकाचा ठरावीक सांकेतिक क्रमांक पाठीवर उमटवीत असत. तो असलेला बिल्ला कोणी १९२८ सालचा म्हणून दाखवू लागला, तर पुढे काही तपासायला नकोच.

आर्किमिडीजचा प्रयोग तर तुम्ही शाळेतच केला आहे. दहा ग्रॅमची जस्ताची वस्तू दोऱ्याला बांधून पाण्यात बुडविली की तिचे वजन सुमारे १.४ ग्रॅमने घटते. तेवढ्याच वजनाच्या पितळेच्या वस्तूचे सुमारे १.२ ग्रॅमने. फरक दोन दशांश ग्रॅमचा, तेव्हा तराजू नाजूक हवा. शिवाय मिना धातूपेक्षा पुष्कळ हलका असल्याने तो हिशेब बिघडवितो. मोठ्या प्रयोगशाळांत क्ष-किरणांचा मारा करून, वस्तूला ओरखडाही न पाडता, तिच्यातील मूलद्रव्ये ओळखता येतात.

पण येथेच एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या परीक्षा बिल्ला खोटा ठरवू शकतात. खरा ठरवू शकत नाहीत. जुना साचा आणि जुनेच पितळ कोणाच्या हाती लागले, तर धातू काय सांगणार? अशा वेळी संग्राहक म्हणतात, ‘माझ्याकडच्या अस्सल नगाशी ताडून पाहतो.’ मला हा मार्ग सर्वांत घातक वाटतो.

कारण ऐका. १९८३ साली जर्मनीतील ‘श्टेर्न’ साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिश्या सापडल्याचे जाहीर केले. हस्ताक्षर-तज्ज्ञांनी अक्षर जुळते असा निर्वाळा दिला होता. पुढे कागद अतिनील प्रकाशात पाहिला, तेव्हा तो चमकला. त्यातले शुभ्रक द्रव्य युद्धानंतर वापरात आलेले होते. मग तज्ज्ञ फसले कसे? तुलनेसाठी त्यांना दिलेल्या नमुन्यांतही त्याच लबाडाच्या, कॉनराड कुयाऊच्या, हातचे कागद होते! हा कुयाऊ त्याआधी नाझी काळातील वस्तूच विकत असे, आणि साध्या वस्तूला खोटी चिठ्ठी जोडून तिची किंमत वाढवीत असे.

म्हणून माझे मत असे की, मोजपट्टी विक्रेत्यांच्या आणि संग्राहकांच्या वर्तुळाबाहेरची हवी. सोनेरी बिल्ल्याच्या बाबतीत ती आहेही. नाझी पक्षाची सभासद-पत्रे १९४५ साली लगदा करण्यासाठी म्युनिकजवळच्या कागद-गिरणीत पाठविली होती. ती तेथून वाचली आणि आज जर्मन संघराज्याच्या अभिलेखागारात आहेत. पाठीवरचा क्रमांक कोणाचा होता, हे त्यांवरून तपासता येते. क्रमांकाची नक्कल होऊ शकते, हे खरे. पण निदान खोटे बोलणे अवघड होते. बिल्ला घासूनपुसून लखलखीत करणारे मात्र पुरावाच पुसून टाकतात. आणि अंगावर मिरवण्याची तर ही वस्तूच नव्हे. जर्मनीत तो सार्वजनिक ठिकाणी लावणे गुन्हा आहे; शिक्षण व संशोधन यांना तेवढी मुभा आहे.

बाजारभाव पाहून दुर्मिळता ठरविणाऱ्यांनी आणखी एक बिल्ला पाहावा. तिरपे, खाली रोखलेले तीन बाण, एवढेच त्याच्यावर. डिसेंबर १९३१ मध्ये नाझींविरुद्ध उभ्या राहिलेल्या ‘लोह-आघाडी’चे हे चिन्ह. ते प्रचारात आणण्यात पावलॉव्हजवळ काम केलेल्या सेर्गेई चाखोतिन या जीवशास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. १९३३ नंतर असा बिल्ला घरात सापडणे धोक्याचे होते. ज्यांनी तो तरीही जपून ठेवला, त्यांची नावे कोणत्याही सभासद-पत्रावर नाहीत. असा बिल्ला कोणाच्या घरातून, कोणत्या गावातून आला याची ओळभर नोंद त्याच्यासोबत असेल, तर मी तो सोनेरी बिल्ल्याच्या आधी उचलीन.