दगड आहे हो, पण ओढणार कोण?



लश्करातल्या जुन्या घरांचं छत लाकडी पाटांचं नव्हे, लांब दगडी फरशांचं असायचं. आपण त्यांना पटिया म्हणतो, हे ग्वाल्हेरकरांना सांगायला नको. त्या पटियांची आठवण मला अलीकडे झाली ती चक्क कम्प्युटरवरच्या खेळामुळे. हसू नका, सत्तरीनंतर नातवानं शिकवलाय.

खेळाचं नाव 'फॅरो'. १९९९ साली आला, २०२३ मध्ये नव्या रूपात पुन्हा आला. प्राचीन इजिप्तमध्ये नाईलकाठी शहर वसवायचं, शेती करायची, पिरॅमिड बांधायचा. मी पडलो बी.कॉम., हिशेब पक्का! चार खाणी उघडल्या, गोदाम दगडांनी भरलं. तरी पिरॅमिडचा थर काही चढेना. नातू म्हणाला, "आजोबा, दगड आहे हो, पण ओढणार कोण?" मजुरांची छावणी मी एकच बांधली होती आणि तिथली माणसं शेतावर गुंतलेली. त्या खेळात गोदामातले दगड घसरगाडीवर घालून ओढतात ते हेच मजूर. नाईलला पूर येऊन शेतं पाण्याखाली गेली की ते मोकळे होतात. छावण्या वाढवल्या, तेव्हा कुठे काम हललं.

आणि मला एक जुना अर्ज आठवला. ऐंशीच्या दशकात शाखेत कर्जाचं टेबल माझ्याकडे होतं. खाणमालकांची प्रकरणं पटापट मंजूर व्हायची. त्यांच्याकडे पट्टा, तारण, जामीनदार सगळं असायचं. त्यातल्याच एका खाणीचा दगड वाहणारा गडी जुनी ट्रॅक्टर-ट्रॉली घ्यायला कर्ज मागत आला. तारण शून्य. मी नियमावर बोट ठेवून अर्ज परत केला. खरं तर त्याच्या मजुरीचे पैसे नेमाने सुटत होते ते त्या मालकाच्या खात्यातून, आमच्याच शाखेत. एक लेजर उघडून बघायचं होतं. मी बघितलं नाही. नियम बरोबर होता, चूक माझी होती.

माझं मत सरळ आहे. खाण कोणाची आणि इमारत कोणाची, हे आपण लिहून ठेवतो. मधला वाहणारा कुठल्याच वहीत नसतो. इजिप्तवाले याबाबतीत नशीबवान. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ इथे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे पपायरस सापडले. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. खुफू राजाच्या पिरॅमिडसाठी तूरा इथल्या खाणीतला चुनखडक बोटीतून गिझाला नेला, मुक्काम कुठे पडला, सगळं तारीखवार. थेट आपलं डे-बुक! लिहिलेले इतके जुने पपायरस दुसरे सापडलेले नाहीत, आणि त्यांत नोंद आहे ती दगड वाहणाऱ्यांची.

आपल्या घरांवरच्या पटिया कोणी वाहून आणल्या? तुमच्या आजी-आजोबांकडून एखाद्या गाडीवानाचं नाव-गाव कानावर आलं असेल, तर इथे जरूर लिहा. उशिरा का होईना, नोंद पडू द्या.